जमिनींत पुरलेलें वाद्य

वाद्य म्हटलें म्हणजे तीन गोष्टी आपण गृहीत धरून चालतों. वाद्य डोळ्यांस दिसलें पाहिजे, तें वाजविणारा कोणी निराळा असला पाहिजे, आणि ऐकणाऱ्यांनीं त्याच्यापासून कांहीं अंतरावर स्वस्थ बसलें पाहिजे. सतार असो, पेटी असो, मृदंग असो, ही व्यवस्था बदलत नाहीं. परंतु जगांत असेंही एक वाद्य आहे कीं जें कोणास दिसत नाहीं, ज्यास वादक म्हणून निराळा मनुष्य नाहीं, आणि जें ऐकावयाचें तर ऐकणाऱ्यानेंच प्रथम खालीं वांकून तें वाजवावें लागतें. हें वाद्य जपान देशांतील बागांमध्यें जमिनीखालीं पुरलेलें असतें. त्याचें नांव सुइकिनकुत्सु. ‘सुइ’ म्हणजे पाणी, ‘किन’ म्हणजे कोतो नांवाचें तंतुवाद्य, आणि ‘कुत्सु’ म्हणजे गुहा. तिन्ही मिळून ‘पाण्याच्या वीणेची गुहा’ असा अर्थ होतो. कोतो हें तेरा तारांचें लांबट वाद्य असून तें जमिनीवर आडवें ठेवून नखीनें छेडतात. आपल्याकडील स्वरमंडळ ज्यांनीं ऐकलें असेल त्यांस त्याच्या ध्वनीची थोडीशी कल्पना येईल.

अलीकडे यूरोप-अमेरिकेंत सार्वजनिक बागांत व चौकांत अशा नादकृति मांडण्याची प्रथा पडली आहे कीं ज्या येणाऱ्याजाणाऱ्यांच्या हालचालीनें वाजतात. कॅनडांतील माँट्रिऑल शहरीं इ. स. २०११ मध्यें एकवीस झोपाळे टांगण्यांत आले. झोपाळा हलला कीं त्याचा ठराविक स्वर निघे, आणि कांहीं सुरावटी तर अनेकांनीं एका लयींत झोके घेतल्यावांचून निघतच नसत. क्रोएशियांतील झादर बंदरावर २००५ सालीं समुद्रकांठच्या पायऱ्यांखालीं नळ्या बसवून लाटांकडूनच वाद्य वाजविण्याची युक्ति निकोला बाशिच या स्थापत्यविशारदानें केली. हे दोन्ही प्रयोग कौतुकास पात्र आहेत यांत शंका नाहीं; तथापि त्यांतील नावीन्य साधनांपुरतेंच समजावें. ऐकणाऱ्याच्या हातून बागेंत नाद उत्पन्न करण्याची कल्पना जपानी माळ्यांच्या मनांत दोनशें वर्षांहून अधिक काळापूर्वींच आली होती, आणि तिला त्यांनीं एका मडक्यापलीकडे कांहीं खर्च केला नाहीं.

सुइकिनकुत्सु समजण्यास प्रथम जपानी लोकांच्या चहाच्या विधीची थोडी माहिती हवी. आपल्याकडे चहा उभ्याउभ्या बशींत ओतून पिणारेही पुष्कळ आहेत. तेथें मात्र चहा देण्याघेण्याचा एक स्वतंत्र शिष्टाचार आहे, आणि तो शिकण्यांत माणसें वर्षेंच्या वर्षें घालवितात. चहाची लहानशी झोंपडी बागेच्या आंतल्या भागांत असते. तिच्याकडे जाणाऱ्या वाटेच्या बागेस ‘रोजी’, म्हणजे दंवानें भिजलेली भूमि, असें सुंदर नांव आहे. या वाटेवर एक दगडी कुंड असतें. पाहुण्यानें तेथें थांबावें, कळकाच्या पळीनें पाणी घेऊन हात धुवावे, चूळ भरावी, आणि मग आंत जावें, असा नियम आहे. हें कुंड ठेंगणें ठेवितात. त्यास ‘त्सुकुबाइ’ म्हणतात, व त्या शब्दाचा संबंध उकिडवें बसण्याशीं आहे. सरदार असो वा व्यापारी, तेथें त्यास गुडघे मोडावेच लागतात. (जपानी उद्यानांतील वाटा, पाणी व दगड यांची एकंदर मांडणी ज्यांस आपल्याच प्रांतांत पाहावयाची असेल त्यांनीं पुण्यांत सिंहगड रस्त्यावरील पु. ल. देशपांडे उद्यान पाहावें. ओकायामा येथील कोराकुएन या प्रसिद्ध उद्यानाच्या धर्तीवर तें रचिलेलें आहे.)

आतां व्यवहाराची अडचण पाहा. हात धुतलेलें पाणी खालीं पडतें. पाहुण्यामागून पाहुणा आला कीं तेथें चिखल होतो, डबकें सांचतें, आणि रेशमी वस्त्रें नेसून आलेल्या मंडळीस तें मानवणारें नसतें. अंगणांत मोरी नसलेल्या घरांतील गृहिणीस हा प्रश्न समजावून सांगण्याची गरज नाहीं. परंपरा अशी सांगते कीं, चहाच्या विधींत व उद्यानरचनेंत पुढें मोठी कीर्ति मिळविलेला कोबोरी एन्शू (१५७९–१६४७) यानें आपल्या तरुणपणीं फुरुता ओरिबे या आचार्याच्या कुंडापाशीं पाण्याचा निचरा होण्याची एक नवी योजना केली, व ती पाहून आचार्य थक्क झाला. त्या रचनेस ‘तोसुइमोन’ म्हणत, आणि तिच्यांतूनच सुइकिनकुत्सु निघालें असें मानण्यांत येतें. कथा अक्षरशः खरी असो वा नसो, तींतून एक गोष्ट उघड होते: आधीं निचऱ्याची सोय झाली, नाद मागाहून आला. जमिनीखालीं मुरणाऱ्या सांडपाण्याचा आवाज कोणा तरी सावध कानानें टिपला, आणि तो आवाज अधिक चांगला कसा येईल या विचारानें पुढच्या खड्ड्यांत बदल केला. असे बदल कितीजणांनीं केले असतील कोण जाणे! एन्शूचें नांव राहिलें. ज्या माळ्यांनीं मडकीं ठोकून ठोकून निवडलीं त्यांचीं नांवें बहुतेक मातींतच गेलीं.

या वाद्याची रचना अशी. कुंडाच्या पुढें एक खड्डा खणतात. त्याच्या तळाशीं पाणी धरून राहील अशी चिकणमातीची किंवा चुन्याची बैठक करून तिच्या कडेनें दगडगोटे वा कौलांचे तुकडे मांडतात. त्यांवर मातीचा एक मोठा रांजण पालथा ठेवितात, म्हणजे रांजणाचें तोंड खालीं व बूड वर येतें. या बुडाला मधोमध सुमारें २ सेंटिमीटर व्यासाचें छिद्र पाडलेलें असतें. रांजण सामान्यतः ३० सेंटिमीटरांपासून १ मीटरपर्यंत उंच आणि ३० ते ५० सेंटिमीटर रुंद असतो. आंत तळाशीं थोडें पाणी नेहमीं सांचून राहावें, आणि त्याहून अधिक झालेलें पाणी एका नळीवाटें निघून जावें, अशी योजना असते. रांजणाच्या भोंवतीं दगड भरतात, वरून गोटे पसरतात, आणि छिद्र दृष्टीआड होतें. बाहेरून पाहणाऱ्यास काय दिसतें? कांहीं गोटे, थोडें शेवाळ, एक कुंड आणि एक पळी. वाद्याची एकही खूण तेथें नसते.

रांजण निवडतांना तो आंतून झिलई नसलेला असा पाहातात. यांत मर्म आहे. छिद्रांतून उतरणारें पाणी एका धारेनें खालीं पडून जाऊं नये; तें रांजणाच्या आंतल्या खरखरीत छताला धरून पसरावें, आणि त्याचे थेंब निरनिराळ्या जागीं, निरनिराळ्या वेळीं सुटावे, हा हेतु असतो. गुळगुळीत झिलईवर पाणी असें चिकटून राहात नाहीं. शिवाय रांजण चांगला भाजलेला व कोठेंही तडा न गेलेला असावा लागतो. आपल्याकडे बाजारांत माठ घेतांना बायका त्यावर बोटानें टिचकी मारून पाहातात, तीच परीक्षा येथेंही लागू पडते.

पळीभर पाणी गोट्यांवर ओतलें कीं प्रथम तें भराभर आंत उतरतें, आणि झुळझुळ असा सलग ध्वनि कानीं येतो. त्यास जपानी भाषेंत ‘र्‍यूसुइओन’, म्हणजे वाहत्या पाण्याचा नाद, म्हणतात. उतावळा पाहुणा एवढेंच ऐकून उठतो. खरी मौज त्यापुढें आहे. ओतणें थांबल्यावर धार तुटते, थेंब सुटे होतात, आणि एकेक थेंबाचा निराळा, घंटेसारखा किंवा तार छेडल्यासारखा नाद येऊं लागतो. हा ‘सुइतेकिओन’, म्हणजे थेंबाचा नाद. प्रथम थेंब जवळजवळ पडतात, मग त्यांमधील अंतर वाढत जातें; दोन वाजतात, एक थांबतो, पुढला केव्हां येईल याचा अंदाज चुकतो. शेवटीं आतां संपलें असें वाटून आपण उठूं लागावें, तों आणखी एक पडतो. हें जें वाट पाहणें, तेंच या वाद्याचें निम्में संगीत आहे असें मला वाटतें.

थेंब पाण्यावर पडला कीं ‘टप्’ असा आवाज होतो, हें सांगावयास शास्त्रज्ञ नको. पण तो आवाज नेमका कशाचा, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाहीं. वर्गांत विचारलें तर बहुतेक विद्यार्थी उत्तर देतील कीं, थेंब पाण्यावर आपटतो त्याचा तो आवाज. तें उत्तर बरोबर नाहीं. इंग्लंडांत आर्थर वर्दिंग्टन यांनीं विजेच्या ठिणगीच्या क्षणिक प्रकाशांत पडत्या थेंबांचीं छायाचित्रें घेतलीं, आणि १९०८ सालीं त्यांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. अशा छायाचित्रांत दिसतें तें असें कीं, थेंब पडतांच पाण्यांत एक खळगा होतो आणि दुसऱ्याच क्षणीं तो चोहोंकडून मिटूं लागतो. मिटतां मिटतां खळग्याच्या तळाशीं हवेचा एक बारीक बुडबुडा पाण्यांत कोंडला जातो. हा बुडबुडा स्वस्थ राहात नाहीं. तो आकसतो, फुगतो, पुन्हां आकसतो, आणि हें त्याचें थरथरणें म्हणजेच आपल्या ‘टप्’चें मूळ होय. बुडबुड्याचा आकार व त्याच्या कंपनांची संख्या यांमधील नियम हॉलंडांतील उत्रेख्त येथील ज्योतिषशास्त्रज्ञ मार्सेल मिनार्त यांनीं १९३३ सालीं गणितानें काढून दाखविला. आकाशांतील तेजाचा अभ्यास करणाऱ्या पंडितानें ओढ्याच्या खळखळाटावर निबंध लिहावा, ही गोष्ट विद्यार्थ्यांनीं लक्षांत ठेवण्यासारखी आहे. त्या नियमाप्रमाणें पाण्याच्या पृष्ठभागाजवळील १ मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा दर सेकंदास सुमारें सव्वातीन हजार वेळां थरथरतो. त्रिज्या ३ मिलिमीटर असली तर सुमारें अकराशें वेळां. बुडबुडा जितका मोठा तितका स्वर खालचा.

परंतु पाण्याच्या आंत थरथरणाऱ्या एवढ्याशा बुडबुड्याचा आवाज बाहेर हवेंत इतका स्पष्ट कसा येतो, हें कोडें त्यानंतरही पुष्कळ वर्षें राहिलें. केंब्रिज विद्यापीठांतील अनुराग अगरवाल हे ब्राझिल देशांत एका स्नेह्याकडे उतरले असतां छपरांतून बादलींत पडणाऱ्या थेंबांनीं त्यांची झोंप उडाली. अशा रात्रीं आपण बादलीखालीं फडकें घालून पुन्हां निजतों. त्यांनीं परत जाऊन प्रयोग मांडला. अतिशय जलद चित्रें घेणारा कॅमेरा, हवेंतील ध्वनि टिपणारा मायक्रोफोन व पाण्यांतील ध्वनि टिपणारें यंत्र अशीं तिन्ही साधनें एकदम लावून त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१८ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केला तो असा: थेंबाचा प्रत्यक्ष आघात जवळजवळ निःशब्द असतो, बुडबुड्याच्या थरथरण्यानें खळग्याच्या तळाशीं पाण्याचा पृष्ठभागही त्याच तालांत हलूं लागतो, आणि एखाद्या दट्ट्याप्रमाणें तो हवेस ढकलून आवाज बाहेर फेंकतो. याचा पडताळा घरीं घेतां येण्याजोगा आहे. गळक्या नळाखालीं भांडें ठेवून ‘टप् टप्’ ऐकावें, आणि मग त्या पाण्यांत भांडीं घांसण्याच्या द्रवरूप साबणाचे दोनचार थेंब मिसळावे. पाण्याच्या पृष्ठभागाचा ताण बदलतो, बुडबुडा पूर्वींसारखा कोंडला जात नाहीं, आणि आवाज मरतो. रात्रीं झोंप न येणाऱ्यांस हा उपाय वैद्याकडे न जातां करतां येईल.

येथवर थेंबाचें झालें. आतां रांजणाचें काम काय तें पाहूं. उघड्या बादलींत पडणाऱ्या थेंबाचा आवाज क्षणांत विरून जातो. रांजणांत मात्र तो हवेच्या कोंडलेल्या पोकळींत शिरतो, भिंतींवर आपटून परततो, आणि त्यांतील जीं कंपनें त्या पोकळीस मानवतात तीं टिकतात, बाकीचीं विरतात. कोणतीं कंपनें मानवतील याचा ढोबळ हिशेब शाळेंतील विद्यार्थ्यासही करतां येतो. रांजणांतील हवेची उंची ५० सेंटिमीटर आहे असें धरूं. वर मातीचें छत, खालीं पाणी. छिद्र फारच लहान असल्यामुळें दोन्ही बाजू बंद आहेत असें मानण्यास हरकत नाहीं. अशा हवेच्या स्तंभांत मूळ स्वराची अर्धी लहर मावते, म्हणजे पुरी लहर १ मीटर लांब झाली. २० अंश उष्णतामानांत ध्वनि हवेंतून दर सेकंदास सुमारें ३४३ मीटर जातो. तेव्हां मूळ स्वर दर सेकंदास ३४३ कंपनांचा आला. पेटीवर मधल्या सप्तकांतील ‘पांढरी चार’ दाबून पाहा. रांजणाचा हा मूळ स्वर तिच्या किंचित खालीं पडेल. त्याशिवाय त्याच्या दुप्पट, तिप्पट असे वरचे स्वर आहेत, रांजणाच्या रुंदीचे आडवे स्वर निराळे आहेत, आणि रांजणाचें पोट फुगीर असल्यामुळें हे सर्व आंकडे थोडेबहुत सरकतात. म्हणूनच एका साच्याचे दोन रांजण शेजारीं शेजारीं पुरले तरी त्यांचे नाद सारखे येत नाहींत.

येथें विद्यार्थ्यांचा एक घोंटाळा होण्याचा संभव आहे, तो आधींच काढून टाकलेला बरा. नळाखालीं घागर भरतांना तिचा आवाज हळूहळू चढत जातो. आपल्या घरच्या बायका अंधारांतही घागर गळ्याशीं आली हें कानानेंच ओळखतात. याच्या उलट जलतरंगांत चिनी मातीच्या वाटींत पाणी जास्त ओतलें कीं स्वर उतरतो. पाणी तेंच, मग एकीकडे स्वर चढतो आणि दुसरीकडे उतरतो, हें कसें? घागरींत वाजते ती आंतली हवा. पाणी चढलें कीं हवेची पोकळी आंखूड होते, आणि आंखूड पोकळीचा स्वर उंच असतो. जलतरंगांत वाजते ती स्वतः वाटीची कड. पाणी वाढलें कीं तिच्या अंगावर ओझें वाढतें, ती मंद हलूं लागते व स्वर खालीं येतो. सुइकिनकुत्सु हें पाण्याचें वाद्य म्हणून त्यास जलतरंगाचा भाऊ समजण्याचा मोह होतो. परंतु तें घागरीच्या कुळांतलें आहे. त्यांतील पाण्याची पातळी वाढली कीं स्वर चढतो. पातळी फारच वाढली तर हवेस जागा उरत नाहीं. फारच कमी झाली तर थेंब तळावर आपटतो, बुडबुडा कोंडला जात नाहीं आणि नाद बसतो. सारी खुबी या मधल्या कांहीं बोटें पाण्यांत आहे.

आणि याच ठिकाणीं या वाद्याचें मरण लपलेलें आहे. गोट्यांमधून पाण्याबरोबर माती झिरपते. वर्षामागून वर्ष ती रांजणाच्या तळाशीं बसत जाते. निचऱ्याची नळी तुंबते, पाण्याची जागा गाळ घेतो, आणि एके दिवशीं थेंब चिखलावर पडून मुका होतो. सतारीची तार तुटली तर ती डोळ्यांस दिसते. देवळांतली घंटा फुटली तर गांवभर कळतें. येथें गोटे तसेच, शेवाळ तसेंच, कुंड व पळी तशींच. ज्यास पूर्वींचा नाद ठाऊक आहे तोच म्हणेल कीं कांहीं तरी हरवलें. तो मनुष्य वारला, कीं हरवल्याची खबरही उरत नाहीं.

प्रत्यक्षांत असेंच घडलें. एदो कालखंडाच्या (१६०३–१८६८) उत्तरार्धांत व त्यापुढील मेइजी कारकीर्दींत (१८६८–१९१२) जपानांत या वाद्याची बरीच आवड होती. विसाव्या शतकांत ती ओसरली. घरोघर नळ आले, हात धुण्याची जागा बागेंतून घरांत गेली, मग कुंडापुढील खड्डा कोण उपसणार? हिरायामा नांवाच्या प्राध्यापकांनीं १९५९ सालीं या विषयावर एक टिपण प्रसिद्ध केलें, तेव्हां साऱ्या देशांत दोनच सुइकिनकुत्सु माहीत होतीं, आणि तीं दोन्हीं मातीनें भरलेलीं होतीं. म्हणजे वर्णन करणाऱ्यासच तें वाद्य ऐकावयास मिळण्याची पंचाईत! त्या टिपणानें विद्वानांपलीकडे कोणाचें लक्ष वेधलें नाहीं, आणि पुढें वीस वर्षांहून अधिक काळ ही गोष्ट तशीच पडून राहिली.

मग १९८२ सालीं ‘आसाही शिंबुन’ या मोठ्या वर्तमानपत्रांत सुइकिनकुत्सुवर एक लेख आला. लेखकानें वाचकांस विनंति केली कीं, कोणास असें वाद्य ठाऊक असेल तर त्यानें कळवावें. विनंति साधी होती, पण ती योग्य माणसांपर्यंत पोंचली. देशाच्या निरनिराळ्या भागांतून माहिती आली, शोध झाला, आणि कित्येक जागीं जमिनीखालीं रांजण सांपडले. बहुतेक गाळानें भरलेले होते. एदो काळांतील एक मात्र अजून वाजत होतें! १९८५ सालीं जपानच्या एन्. एच्. के. या नभोवाणी व दूरचित्रवाणी संस्थेनें त्याविषयींचे कार्यक्रम लोकांपुढें आणिले, तेव्हां नुसत्या वर्णनानें न झालेलें काम नादानें झालें. लोक जुनीं वाद्यें उपसूं लागले, नवीं पुरूं लागले. आज जपानांत देवळांच्या आवारांत, सार्वजनिक बागांत, इतकेंच नव्हे तर इमारतींच्या आंतही तीं आढळतात.

१९९६ सालीं जपान सरकारच्या पर्यावरण खात्यानें ‘जपानचे शंभर नादप्रदेश’ अशी एक यादी केली. सुंदर देखाव्यांची यादी कोणतेंही सरकार करील. जतन करण्याजोग्या आवाजांची यादी करण्याचें सुचणें ही निराळी गोष्ट आहे. त्या यादींत गिफु प्रांतांतील मिनो या गांवचें सुइकिनकुत्सु आहे. मिनो हें हातकागदाविषयीं प्रसिद्ध असलेलें गांव. तेथील जुन्या व्यापाऱ्यांच्या घरांवर आगीपासून संरक्षणासाठीं छपराच्या टोकांस ‘उदात्सु’ नांवाच्या उंच भिंती बांधलेल्या आहेत. इमाइ नांवाच्या कागदाच्या व्यापाऱ्याचें घर आतां सर्वांस पाहण्यासाठीं खुलें असून त्याच्याच बागेंत हें वाद्य पुरलेलें आहे. क्योतो शहराच्या ईशान्येस एन्कोजी नांवाचें देऊळ आहे. त्याची स्थापना १६०१ सालीं विद्यालय म्हणून झाली, आणि तेथें ग्रंथ छापण्यासाठीं केलेले लांकडी खिळे अजून जपून ठेविले आहेत. त्याच्या बागेंतही एक सुइकिनकुत्सु आहे. क्योतोजवळच ओहारा येथील होसेन-इन या देवळांत जमिनींतून वर आलेले कळकाचे दोन नळ आहेत. पाहुणा त्यांस कान लावून बसतो. वैद्य रोग्याच्या छातीस नळी लावतो, तसा तेथें मनुष्य भूमीच्या छातीस कान लावतो असें म्हटल्यास चालेल.

कांहीं सार्वजनिक ठिकाणीं मात्र आतां निराळी पद्धत दिसते. रांजणांत मायक्रोफोन सोडून ध्वनिक्षेपकावरून नाद ऐकवितात, आणि पळीच्या ऐवजीं यंत्रानें सतत पाणी सोडतात. याविषयीं दोन मतें होऊं शकतील. ज्या वृद्धांस ऐकूं कमी येतें किंवा खालीं वांकतां येत नाहीं, त्यांस ध्वनिक्षेपकानें हा आनंद मिळत असेल तर त्यास नांवें ठेवण्याचें कारण नाहीं; कळकाचा नळ तरी दुसरें काय करतो? यंत्रानें पाणी सोडणें मात्र मला पसंत नाहीं. त्यामुळें थेंब अखंड पडत राहातात, वाट पाहणें उरत नाहीं, आणि ज्याच्या हातानें नाद निघावयाचा तो पुन्हां नुसता जाणारायेणारा होतो. नाद चालूच आहे म्हटल्यावर थांबावयाचें कोणासाठीं? अशा जागीं तो मागें कोठें तरी वाजत असलेल्या रेडिओसारखा होतो.

शाळेच्या बागेंत हें वाद्य करून पाहावें असें ज्यांस वाटेल त्यांनीं पुढील गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. आपल्या कुंभाराकडील बिनझिलईचा मोठा माठ या कामास उत्तम, कारण पालथा केला कीं त्याचें गोल बूड आपोआप घुमट होतें. छिद्र पाडतांना ठोकूं नये. माठ पाण्यानें ओला ठेवून हातानें फिरवावयाच्या सामत्यानें हळूहळू पाडावें, नाहीं तर तडा जातो. आपल्या हवेंत सांचलेल्या पाण्यांत डांस होतात, याकरितां गोट्यांखालीं छिद्रावर व निचऱ्याच्या नळीच्या तोंडाशीं बारीक तारेची जाळी बसवावी. जाळीमुळें गाळही कमी शिरतो. वरचे गोटे चुन्यांत पक्के करूं नयेत. पावसाळा संपला कीं ते काढून, माठ उचलून, तळ धुवावा लागेल, आणि हें काम वर्षांतून एकदां तरी ज्याच्याकडे नेमून दिलेलें नाहीं तें वाद्य तिसऱ्या वर्षीं मुकें होईल असें समजावें. प्रथम ऐकतांना एकानें पाणी ओतून लगेच बाजूस व्हावें व दुसऱ्यानें कळकाच्या पोकळ नळीनें ऐकावें; मग जागा बदलाव्या. निचऱ्याची नळी थोडी वरखालीं करून आंतील पाण्याची पातळी बदलतां येते. हवेची उंची ५० सेंटिमीटरांऐवजीं ४० राहिली तर मूळ स्वर दर सेकंदास किती कंपनांचा होईल, हें वर दिलेल्या रीतीनें आधीं पाटीवर काढावें, आणि मग खरा माठ त्या उत्तराशीं कितपत जुळतो तें पेटी जवळ घेऊन ऐकावें.